पांढरं दिसलं की

आमच्या कृषी सहायक साहेबांचा आवाज घशातून न्हाई, नाकाच्या बुडातून येतो, हे मला महादेवाच्या सभामंडपात बसल्या बसल्या सापडलं. आवाज काढणाऱ्याला एवढं सापडलं की निम्मं काम झालं. मास्तरांचे आवाज काढत काढत मी गेवराईत बारावी केली. गणपतीत स्टेजवर सरपंच केले, यष्टीचा कंडक्टर केला, रेडा केला. साहेब तेवढे ऱ्हायले व्हते. म्हणून उसावरच्या किडीची मीटिंग ठेवली तव्हा मी सगळ्यात पुढं जाऊन बसलो. लोकं म्हणले, पोराला शेतीचा नाद लागला.

साहेब बोलायच्या आधी दोनदा खाकरायचे, एक बारकं, एक मोठं. मग हातातला पेन टिक् टिक् करायचे. मग म्हणायचे, “काय म्हणतो मी, लक्षात घ्या.” किडीचं नाव पायरिला, पण साहेब ‘पायरिल्ला’ म्हणायचे आन् जीभ ‘ल’वर टेकवून थोडा वेळ तिथंच ठेवायचे. दुसरं एक नाव व्हतं, इपिरिकॅनिया. ते घेताना डोळे मिटायचे, जणू घरच्या लाडक्या सुनेचं नाव घ्यायलेत. मी हे सगळं टिपून घेतलं. कागदावर न्हाई, नरड्यात.

पायरिलाला आमच्याकडं पाकोळी म्हणतात. वाळल्या गवताच्या रंगाची, नखाएवढी. तोंडाला पुढं चोच निघालेली. पिल्लाला मागून दोन पांढरी शेपटं. पानाला हात लावला की टप टप उड्या मारून पसार. तिला तोच ऊस आवडतो जो आपल्याला आवडतो. दाट, रुंद पानाचा, डोक्याच्या वर गेलेला, आत वारं शिरत न्हाई असा. युरिया जरा जास्त पडलेला असला तर मग तिला सणच. पानाखालच्या शिरंला चिटकून रस पिते, खाली गोड चिकट पाणी सोडते, त्याच्यावर काजळी धरते. बाहीर रस्त्यावरून बघणारा म्हणतो, काय ऊस हाय! आत शिरलं की शर्ट काळा होऊन बाहीर येतो.

मामीचा ऊस तसाच व्हता. उमापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. मपल्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून मी आठवीपासून मामीच्या घरी ऱ्हायलो ते आजून तिथंच हाय. मामा ट्रकवर. त्यानं फोनवर बजावलं व्हतं, कापूसच लाव, ऊस तुला झेपायचा न्हाई. मामीनं ‘बरं’ म्हणलं आन् ऊस लावला. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली असतील, मामाचं न ऐकता केलेली ही पहिलीच गोष्ट. खुरपणी तिची, पाणी तिचं, युरिया तर माया असल्यावानी टाकला. मामा लांबच्या फेरीवर गेलता, पोळ्याला येणार व्हता. मामी दर दोन दिवसाला उसाजवळ उभी ऱ्हाऊन आपली उंची बघायची. ऊस किती वर गेला ते.

“मामाला फोटो पाठवू का?” मी इचारलं.

“कशाला? येऊन बघू दी की. मान वर करून बघावं लागन त्याला.”

एवढंच तिला पायजे व्हतं. मामानं मान वर करून बघावं.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी मी दोस्ताच्या पंक्चरच्या दुकानात बसलोतो. तो म्हणला, “काढ बे साहेब.” मी मोबाईल तोंडाजवळ धरला आन् साहेबाचे तीन आवाज भरून त्याला पाठवले. पहिल्यात साहेब सांगायलेत की पाकोळीला मारू नका, समोर बसवा, चहा पाजा आन् समजावून सांगा. दुसऱ्यात पाकोळीचं लगीन. दोस्त टायरवर पडून हसला. तिसऱ्यात मी एक बी जोक टाकला न्हाई. निस्ता आवाज. मीटिंगमधलं एक वाक्य ध्यानात बसलं व्हतं, तेच म्हणलं:

“शेतकरी बंधूंनो, काय म्हणतो मी, लक्षात घ्या. पानाखाली पांढरं दिसलं की थांबायचं न्हाई. पान तोडायचं, बांधावर न्यायचं, जाळायचं.”

दोस्त हसला न्हाई. त्यानं दुकानाबाहीर मान काढून बघितलं, साहेब आले का म्हणून. मला लई बरं वाटलं. नक्कल जव्हा लई चांगली व्हते तव्हा तिला कुणी हसत न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या पुढचं कळायला दोन दिवस लागले.

दोन दिवसांनी बाजारातून भाजी घेऊन आलो तर बांधावर धूर. मामी तोंडाला पदर बांधून उसातून वाकत वाकत निघाली, काखेत पानांचा भारा. भारा आगीवर टाकला, हात झटकले.

“मामी, काय जाळायलीस?”

“साहेबाचा आवाज आलाय ना गावाच्या ग्रुपवर. पांढरं दिसलं की थांबायचं न्हाई म्हणले. लई जीव तोडून बोललेत बघ. घसा बी बसलाय बिचाऱ्याचा.”

मला आधी हसूच आलं. माझा घसा बसला व्हता, सर्दी झालती. मग हसू मधीच अडकलं.

“कवापून जाळायलीस?”

“कालपून. निम्मा ऊस झाला. पलीकडच्या दोघीतिघी बी जाळायल्यात. मीच सांगितलं त्यान्ला, ग्रुपवर बघा म्हणून.”

मी तसाच दोस्ताकडं पळालो. तो टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत व्हता.

“तू तो आवाज ग्रुपवर टाकला का बे?”

“तिसरा टाकला. म्हणलं, बघू कुणी वळखतंय का. कुणीच न्हाई वळखलं! कलाकार हायस बे तू.”

“काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ.”

“आता न्हाई निघत, येळ गेली. आन् घाबरतो कावून? साहेब बी तेच बोललेते ना?”

तेच तर. साहेब तेच बोललेते का? घरी येईपर्यंत मी आठवत आलो. बारकं खाकरणं आठवलं. मोठं खाकरणं आठवलं. पेन किती बार वाजला ते आठवलं. ‘पांढरं’ म्हणताना आवाज कसा वर गेला, ‘दिसलं की’ला कसा थांबला, मग ‘थांबायचं’ला कसा खाली आला, सगळं बराबर. फकस्त त्याच्या म्होरं काय व्हतं ते न्हाई. ‘थांबायचं’ की ‘थांबायचं न्हाई’? मला वाटत व्हतं शेवटाला आवाज एकदम पडला, म्हणून तिथं काहीतरी जड पायजे, म्हणून मी ‘न्हाई’ बसवलं. पोतं शिवताना शेवटची गाठ मारतात तसं. मी साहेबाला एक तास ऐकलं व्हतं आन् साहेब काय म्हणले ते माझ्याकडं नव्हतंच.

एखाद्याला इचारावं तर कसं इचारावं? मीटिंगला आलेले निम्मे लोकं चहासाठी आलते. एका काकाला इचारलं तर म्हणला, “तूच व्हतास की पुढं, मान डोलवत.” साहेबाला फोन लावायला तीनदा नंबर काढला. ‘हॅलो’ म्हणले की माझ्या तोंडातून त्यांचाच आवाज निघन अशी भीती वाटायली. खरंच वाटायली, हसू नका.

मामीला सांगावं तर मामी सगळा ऊस चाळून बसलीती. रात्री जेवताना म्हणली, “सगळं पांढरं काढलं. एक पान ठिवलं न्हाई.” एवढ्या खुशीत म्हणली की मी भाकरीचा घास नुसता फिरवत बसलो.

पुढच्या आठ-दहा दिवसांत मी रोज उसात जायचो. मामीला वाटलं, पोरगं सुधारलं. मी पानं उलटून बघायचो. पाकोळ्या कमी व्हायच्या सोडून वाढायल्या व्हत्या. आधी पानाला हात लावला की चार-दोन उडायच्या, आता रवा सांडल्यावानी आवाज यायचा. खालची पानं चिकट झाली. त्याच्यावर मुंग्या लागल्या. मग काजळी. एका सकाळी मामी उसातून आली तर तिच्या दोन्ही बाह्या काळ्या. तिनं बाह्या धुतल्या, वाळत घातल्या, आन् मला म्हणली, “साहेबाला बोलव. मी सगळं तर केलं त्यांनी सांगितलेलं.”

साहेब आले. मोटरसायकल बांधावर लावली, आत शिरले, दहा-पंधरा पानं उलटी केली. त्यांचा चेहरा बदलत गेला.

“ताई, मागं मी आलो तव्हा इथं पानाखाली पांढरे कोष व्हते. भरपूर व्हते. म्हणून तर मी म्हणलो व्हतो, तुमच्या उसाला औषध मारायची गरज न्हाई. कुठं गेले?”

“जाळले की,” मामी म्हणली.

“जाळले?”

“तुमीच सांगितलं.”

“मी? ताई, ते इपिरिकॅनियाचे कोष व्हते.” या बारीला साहेबांनी डोळे मिटले न्हाईत. “ती आपली मैतरीण हाय. तिची अळी पाकोळीच्या पाठीवर बसते आन् तिला खाऊन टाकते. मग पानावर पांढरा कोष करते. मी सभामंडपात घसा कोरडा करून सांगितलं, पांढरं दिसलं की थांबायचं. आधी नीट बघायचं. कापसावानी फुसफुशीत, शिरंच्या बाजूला, चोळलं की खाली अंडी दिसतात, ती पाकोळीची. ते पान तोडायचं. आन् पोह्याच्या दाण्यावानी गुळगुळीत, घट्ट, तो कोष. त्याला हात लावायचा न्हाई.”

थांबायचं. टिंब. तिथंच वाक्य संपत व्हतं. म्हणून आवाज पडला व्हता.

मामीनं कमरेचा मोबाईल काढला. “मंग हे काय हाय?” आन् लावला. उसाच्या मधोमध मपलं बारकं खाकरणं, मोठं खाकरणं. काय म्हणतो मी, लक्षात घ्या.

मी साहेबांकडं बघत व्हतो. आता वळखतील, आता माझ्याकडं बघतील. साहेबांनी मोबाईल कानाला लावला. परत ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला. मग खाली बघून म्हणले, “आवाज तर माझाच हाय.”

मामीनं हात पुढं करून मोबाईल परत घेतला.

“माझाच हाय,” साहेब परत म्हणले. “त्या दिवसात मी चार गावाच्या मीटिंगा घेतल्या, तुमचा ग्रुप बी उघडला न्हाई. गाडीवर असताना कुणाला पाठवला असन, घाईत बोलून गेलो असन. ‘न्हाई’ कावून म्हणलो मी? ताई, माझी चूक झाली.”

आन् त्या माणसानं हात जोडले. मामीला. भर उसात. मपल्यापायी कुणी हात जोडलेले मी तवर बघितले नव्हते.

मग त्यांनी आपला मोबाईल काढला. म्हणले, ग्रुपवर माफी टाकतो, म्हंजे बाकीचे तरी थांबतील. दोनदा खाकरले. “शेतकरी बंधूंनो, माझ्या हातून...” एवढं म्हणून थांबले. पुढं त्यांना जमंना. परत सुरू केलं, परत थांबले.

मला सांगायचं व्हतं. साहेब, मी केलं, एवढेच शब्द. पण तोंड उघडलं तर मपल्या आवाजात काही निघंनाच. निघालं ते असं:

“काय म्हणतो मी, लक्षात घ्या.”

मामीनं मान वळवली ती साहेबांकडं. साहेबांचं तोंड बंद व्हतं. मग तिनं हळूहळू मपल्याकडं बघितलं.

पाकोळ्या तेवढ्या टप टप उडत व्हत्या.

“परत बोल,” साहेब म्हणले.

मी परत बोललो. खाकरण्यासगट. शेवटाला नुसतं ‘थांबायचं’ म्हणलं.

साहेब बांधावर जाऊन बसले. खिशातला पेन काढून दोनदा टिक् टिक् केला आन् म्हणले, “इतकं वाईट खाकरतो का बे मी?”

“दोनदा खाकरता, साहेब.”

“तू पुढं बसला व्हतास. मी आमच्या वरच्या साहेबांना सांगितलं व्हतं, या गावात एक पोरगं लई ध्यान देऊन ऐकतंय. काय ऐकलंस रे तू?”

“तुमी कसं बोलता ते ऐकलं. काय बोलता ते न्हाई ऐकलं.”

मामी मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ आली आन् इतकंच म्हणली, “मला वाटलं मलाच ऊस जमला न्हाई. दहा दिस झाले, मी आपल्या मनाला खायले, म्हणलं मामाच खरा व्हता.” मग आवाज चढला. “मुडद्या, माझ्या हातानं माझं रान जाळाय लावलंस, आन् रोज समोर बसून भाकर खाल्लीस!”

ती उसात गेली. मागून जायची माझी छाती झाली न्हाई.

साहेबांनी सांगितलं, एकच इलाज हाय. जिथं कोष शाबूत हायत तिथून पानांचे तुकडे आणून या उसात लावायचे. पण जाळायला सगळ्याच लागल्या व्हत्या, तर शाबूत कुठं असणार? आमी सात-आठ रानं हिंडलो. शेवटी नदीच्या कडंला एका म्हाताऱ्याचा ऊस सापडला. बाबाकडं साधा फोन, ग्रुप न्हाई, आवाज न्हाई. त्यांचं एक बी पान कुणी तोडलेलं नव्हतं. पानाखाली कोषच कोष.

“आमच्या उसाची कीड मागायला आलाव?” बाबा म्हणले. “न्या की. आजून काय पायजे? घरात ढेकूण बी हायत.”

साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आन् मला म्हणले, “मंग यवढे दिस तुमी लोकं काय जाळत व्हताव?” मी पान कापत ऱ्हायलो.

सकाळच्या गार वेळेला कोषाची पानं बोटभर तुकडे करून कापली, ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीत ठिवली. मामीच्या उसात पानाच्या खालच्या अंगाला लावत गेलो. साहेबाच्या स्टेपलरच्या पिना दोन ओळीतच संपल्या, मग बाभळीचे काटे काढून टोचले. मामी दुसऱ्या कडंनं लावत यायली व्हती. माझ्या ओळीत काटा सैल दिसला की बिन बोलता परत टोचायची.

तवर माझी नक्कल गावभर कळलीती, म्हणून गावात सांगायचं काम आजून अवघड झालं. साहेबांनी ग्रुपवर खरा आवाज टाकला तर खाली लगेच आलं, “हे साहेब हायत का ते कार्टं?” कुणीतरी टाकलं, “साहेब, तोंड दाखवून बोला.” बिचाऱ्यांना उसात उभं ऱ्हाऊन व्हिडिओ करावा लागला, तर एकजण म्हणला, तोंड बी काढता येतं आजकाल. मी मपल्या आवाजात टाकलं तर दोस्तानंच इचारलं, “हा कुणाचा काढलास?”

म्हणून मग चालत गेलो. एका हातात कापसावानी अंड्यांचं पान, एका हातात पोह्यावानी कोषाचं. प्रत्येक रानात, प्रत्येक मावशीला, काकाला. हे तोडा, हे तोडू नका. चोळून दाखवायचं, अंडी दाखवायची. लोकं पानाकडं बघायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायचे. एक मावशी म्हणली, “आज कुणाचा आवाज काढायलास?” म्हणलं, कुणाचाच न्हाई. ती म्हणली, “मंग पान दे हिकडं, मीच बघते.” मला वाटतं त्या सगळ्यांत तिनंच बराबर केलं.

पाटी संपली, काटे संपले, तरी काही कळंना. कोष फुटले का, आतलं पाखरू निघालं का, निघालं तर ऱ्हायलं का पल्याडच्या रानात गेलं. साहेब म्हणले, दिवस लागतात. किती ते म्हणले न्हाईत. मी रोज इचारायचो, ते रोज “बघू” म्हणायचे. वरून ऊस तसाच हिरवा, उंच. खालची काजळी एक एक पान वर चढायली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाचा फोन आला, नगरच्या अलीकडं हाय, सकाळी पोचतो. मामीनं फोन ठिवला आन् उसात गेली. या बारीला मी मागून गेलो. ती एका पानाला बोटाच्या टोकानं उलटं करून उभी व्हती. मी जवळ गेलो तर हातानंच थांब म्हणली.

पानाच्या शिरंजवळ एक पाकोळी बसलीती. पळाली न्हाई. तिच्या पाठीवर, पंखाच्या बाजूला, पिठाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी चिटकलं व्हतं.

“हेच का ते?” मामी हळू म्हणली. इतक्या दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा.

मी लगेच ‘हो’ म्हणणार व्हतो. तोंडात आलंच व्हतं. मग मोबाईलवरचा साहेबांनी पाठवलेला फोटो काढला, पानाशेजारी धरला, डोळे बारीक करून बघितलं. परत बघितलं.

“हेच हाय.”

“नक्की?”

“नक्की. पण एकच हाय.”

मामीनं ते पान व्हतं तसं हळूच सोडलं. पदर खोचला, खाली वाकली, आन् पुढचं पान उलटं केलं. दुसऱ्या कडंनं मी सुरू केलं.